टायरशेजारच्या चपला

प्रिय पप्पा,

माझा फोन वाजला, तिथेच सगळं बदललं. तुम्ही पडलात ते त्यानंतर.

आज लिहितोय, कारण काल तुमच्या जलदान विधीला येईल त्याला आई एकच सांगत होती. "मीच खडकी बाजारातून नवी चप्पल आणली. म्हटलं, घालून तर बघा! तीच घसरली." मावशी म्हणाली, "अगं, नशीब." मी चहाचे कप गोळा करत राहिलो.

चप्पल तुमच्या पायात होती कुठे, पप्पा? मालावर अनवाणीच चढायचं, हा तुमचा नेम! "ज्याच्यावर पोट, त्याच्यावर पाय देतोय. निदान चप्पल तरी नको." ट्रेलरच्या मागच्या टायरशेजारी जोडून ठेवली होतीत. पडू नये म्हणून दिलेला कमरेचा पट्टा मात्र शेडमध्ये खुंटीला. साहेब तपासणीला आले की तेवढ्यापुरता निघायचा. नेमच पाळायचा होता, तर तो का नाही पाळलात?

तुम्ही वर गोण्यांवर ताडपत्री आवळत होतात. दोरीचं दुसरं टोक खाली माझ्या हातात.

"कॉलेज सोडलंस, आता दोरी तरी सोडू नकोस!"

तुमच्या बाजूचे हमाल हसले. ट्रेलरच्या पलीकडे मी एकटाच, डोकं तापलेला. तेवढ्यात माझ्या मैत्रिणीचा, स्नेहलचा फोन. चार दिवसांनी! तुम्ही दोरीवर सगळा भार टाकून मागे झुकला होतात, आणि मी दोरी सोडून फोन काढला.

"परत फोन करू नकोस, प्लीज," एवढंच म्हणाली ती. त्या बाजूला धप्प आवाज झाला. मी हॅलो हॅलो करत होतो.

सुपरवायझर म्हणाले, "पाय घसरला, असंच लिहितो." मी मान हलवली. तुमच्या चपला पिशवीत घालून आणल्या आणि कॉटखाली सरकवल्या. आईला दिसल्या असत्या तर तिनं विचारलं असतं, मग पडले कसे?

रडू येत नाही, पप्पा. जेवतो, झोपतो. स्नेहलचीही आठवण येत नाही. तुम्हाला पटेल का हे?

आई बाहेर पायरीवर तांदूळ निवडतेय. तिच्यासमोर चपला ठेवणार आहे, तुम्ही ठेवायचात तशा, जोडून. मग सगळं सांगणार. ती काहीही बोलली, अगदी हात उगारला, तरी उलटून बोलणार नाही. हा माझा शब्द.

पिशवी घेतली. बाहेर पडतोय. दार मागे लावून घेतो, नाहीतर पुन्हा आत पळेन.

तुमचा,
रोहित