धोंड्याच्या महिन्यातली युजर टेस्ट

२० मे २०२६
माझं भाजीविक्रीचं ॲप तयार. कंपनीच्या गीतांजली मॅडमची अट: आधी पाच अनोळखी शेतकऱ्यांच्या हातात द्या, शिकवू नका, कुठे अडतात ते नुसतं बघा. पास झालं तर डिझाइन हेड मी.
अमरावतीच्या या उन्हात अनोळखी माणसं शोधायची कुठून? रविवारी धोंड्याच्या जेवणाला सासरी, धामणगावजवळ, जातोच आहे. अख्खं घर भाजी पिकवतं. आणि रक्ताचं नातं नाही, म्हणजे परकेच.

२४ मे, सायंकाळ
टेस्ट झाली. सासऱ्यांनी माझे पाय धुतले, सासूबाईंनी ओवाळलं, अनारशांचं वाण दिलं, मग मी फोन वाटले. पाचही जण म्हणाले, मस्त हाय. सासूबाई तर ॲप उघडायच्या आधीच म्हणाल्या. शेजारचे खुशालराव पहिल्याच स्क्रीनवर खिळून बसले. इतकं गुंतवणारं डिझाइन मीही पाहिलेलं नाही. एकाचाही प्रश्न नाही.
येताना आरती म्हणाली, ॲप चांगलं का जवाई चांगला, ते एकदा पाहून घ्या. बायको इतिहासात एम.ए. आहे, तिला यातलं काय कळणार.

२६ मे
रिपोर्ट पाठवला. अडचणी: शून्य. मॅडमने व्हिडिओ मागितला. त्यात मी नव्या टॉवेल-टोपीत पाटावर बसलेला दिसतो. युजरची गोपनीयता, असं कळवलं.

८ जून, अकोला
घात झाला. डेमोत वांगी पिकवणाऱ्या माणिकबाईंनी ॲप उघडलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, माल टाकाचा कुठी? मी सांगायला उठलो, मॅडमने खाली बसवलं. विकायचं बटण मी कोपऱ्यातल्या तीन रेघांमागे ठेवलंय, स्क्रीन स्वच्छ दिसते. बाईंनी माझा फोन परत केला, स्वतःच्या फोनवरून व्यापाऱ्याला लावला आणि वांगी विकून टाकली.
मॅडमने तिथूनच रिपोर्टमधल्या पहिल्या नंबरवर, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फोन केला, स्पीकरवर. ते म्हणाले, थे बटण आमाले कोणालेच नाई सापडलं, पण धोंड्यात जवायाले नावं ठेवाव काय?
पाचही जणांनी मला फसवलं. परके म्हणून ज्यांच्यावर विश्वास टाकला, ते आतून नातेवाईक निघाले.

११ जून
डिझाइन हेड ऑफिसमधला धर्मपाल झाला. तो म्हणे आठवडाभर भाजीबाजारात बसून होता.
संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. खडसावून जाब विचारायचा, हे ठरलेलंच होतं. त्यांनीच आधी सुरुवात केली. म्हणाले, मन छोटं करू नका जवाईबुवा, दुसरं काई बनवलं तं घेऊन या, थेबी मस्तच राहीन.
मी बरं म्हणालो.