पिन समोर दिसली पाहिजे

४ जानेवारी

पोहोचलो एकदाचे! धुक्यात गाडी रखडत रखडत आली. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि गरम समोसा, मातीच्या कुल्हडातला चहा हातात पडला, मग मी झाशीला माफ करून टाकलं. जयदीपला या बदलीत कंपनीचं क्वार्टर मिळालंय. दोन खोल्या, मोठं अंगण आणि शेजारणीने न मागता दिलेली मटारची टोपली. सासूबाईंनी फोनवर विचारलं की आता घरीच बसणार ना. मी म्हटलं, कराडला इतकी वर्षं टीव्ही दुरुस्त केले ते काय इथे येऊन मटार सोलायला? जयदीप पलीकडे तोंड करून हसत होता.

९ जानेवारी

काम मिळालं! सदर बाजारात देवेंद्रकाकांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. काकांचं मराठी ऐकायला मजा येते. स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणतात आणि त्याच दमात टमाटर किती महंगे झालेत तेही सांगतात. मला म्हणाले, बैठ गं बेटा, आधी एक सेट खोलून दाखव. दाखवला. चहा आला.

बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवायला सांगावं तर सवाष्ण बाई, म्हणून बिचारे घुटमळत होते. मी आपणहून काढून खिळ्याला अडकवलं. उघड्या सेटवर धातू लोंबत असेल तर नवऱ्याचं आयुष्य वाढत नाही, माझं मात्र कमी होतं. काकांना हायसं वाटलं. डावा हात खिशात घालून एकाच हाताने काम करायचं हा त्यांचाही नियम, म्हणजे करंट छातीतून आरपार जात नाही. फक्त माझ्या कुर्त्याला खिसाच नाही! संध्याकाळी शिंप्याकडे जाऊन सगळ्या कुर्त्यांना डाव्या बाजूला खिसे लावायला टाकले. शिंपी म्हणाला, भाभीजी, लेडीज़ में जेब कौन लगवाता है. मी म्हटलं, जिला जगायचंय ती.

१२ जानेवारी

दुकानाची एक पद्धत मात्र मला पटलेली नाही. दाराजवळच्या कोपऱ्यात मेन स्विच आणि सॉकेटचा बोर्ड आहे. तिथे कमळाकाकू बसतात. काकांच्या धाकट्या भावाची, दिवाकरची बायको. तो कधीच वारला. टेबलावरच्या माणसाला सेटमध्ये हात घालायचा असला की काकू पिन उपटतात आणि ती वायरसकट आणून त्याच्या नाकासमोर ठेवतात. ना विचारणं, ना सांगणं. आमच्याकडे कराडला टेबलावरून ओरडायचं, पिन? तिकडून उत्तर यायचं, काढली! की घाला हात. पटापट काम. काका म्हणाले, इथे विचारायचं नाही बेटा. पिन समोर दिसली पाहिजे. ऐकण्यावर भरोसा नाही.

आणि या काकू! बाहेर पायरीवर उन्हात बसल्या की तोंडाचा पट्टा सुरू. शिवांगी, त्यांची लेक, ग्वाल्हेरला असते, दिवस भरत आलेत, पहिलं बाळंतपण. डिंकाचे लाडू कसे करायचे इथपासून जावयाच्या घोरण्यापर्यंत सगळं मला पाठ झालं. पण कोपऱ्यात शिरल्या की तोंडात लवंग टाकतात आणि ओठ शिवल्यासारखे गप्प.

१६ जानेवारी

आज माझं डोकं फिरलं. छावणीतल्या एका कुटुंबाचा जुना, काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही आला होता. लग्नाची कॅसेट त्यावरच बघायची म्हणतात. काका जेवायला गेले होते. मी मागचं झाकण काढलं आणि सवयीने ओरडले, पिन? कोपऱ्यातून काकूंचा आवाज आला, काढली. स्वच्छ, ठणठणीत. हात आत घालणार तोच मनगटावरची लव उभी राहिली. टेस्टर लावला. पेटला! वळून बघते तर पिन बोर्डात आणि कोपरा रिकामा. काकू समोरच्या नळावर कळशी भरत होत्या.

त्या आल्यावर मी भांडले. फुकट जीव गेला असता माझा, म्हटलं. काकू पांढऱ्याफटक पडल्या, कळशी तशीच ठेवून कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि तोंडात दोन लवंगा कोंबल्या.

१७ जानेवारी

काकू पायरीवर बोलल्या. मटार सोलत होत्या, मान वर न करता.

तेव्हा इथेही विचारत असत. घरचाच टीव्ही बिघडला होता, शिवांगीला बघायचा होता म्हणून दिवाकरराव घाईने बसले. त्यांनी विचारलं, पिन? काकू म्हणाल्या, काढली. काढली होतीच, पण वायरींना डाग द्यायच्या सोल्डर गनची. दोन्ही वायरी काळ्या, शेजारी शेजारी. तेव्हापासून टीव्हीच्या वायरीला लाल पट्टी असते.

पुढे काकू म्हणाल्या की तो शब्द त्या कोपऱ्यातच राहिला. कोपरा रिकामा असला आणि कोणी विचारलं की तो उत्तर देतो. कोणी तोंड उघडं ठेवून बसलं तर त्याच्या तोंडातून बोलतो. म्हणून त्या रोज येऊन त्याच्यावर बसतात, लवंग चावत. तू विचारलंस गं बाई, म्हणाल्या. त्या पहिल्या वर्षानंतर कोणी विचारलं नव्हतं. त्याला जाग आली.

मला हसू आलं नाही, पण मी घाबरलेही नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आई म्हणायची. मी राक्षसाच्या पाठी लागणारी आहे.

१९ जानेवारी

आज काका-काकू दोघांना बाहेर उभं करून मी भर दुपारी टेबलावर बसले आणि मोठ्यांदा विचारलं, पिन?

काढली.

काकांनी दाराची चौकट धरली. आवाज काकूंचाच, पण तरुण. लगबगीचा. हातातलं काम टाकून नवऱ्याला उत्तर देणाऱ्या बाईचा. त्यात खोटेपणा जराही नव्हता आणि त्याचीच मला चीड आली. मी म्हटलं, लागलेली आहे पिन, डोळे फुटले का तुझे? परत विचारलं. परत, काढली. मी खोटं म्हणत गेले आणि ते काढली म्हणत गेलं. शेवटी काकांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. घसा बसलाय.

२२ जानेवारी

शिवांगीचा फोन आला होता. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं. तिला आई हवी आहे, आणि आई कोपरा सोडून जात नाही. काकूंनी फोन ठेवला आणि पदरात तोंड घालून ढसाढसा रडल्या. एका चुकीच्या शब्दापायी बाई आयुष्यभर लवंग चावत बसली, आता लेकीच्या बाळंतपणालाही जायचं नाही? कोण लागून गेलाय हा शब्द!

मी सांगितलं, काकू, तुम्ही ग्वाल्हेरची गाडी धरा. कोपऱ्यात मी बसते.

काका नको म्हणाले, जयदीप तर भडकलाच. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणाला, दुसरं दुकान बघ. मी म्हटलं, दुसऱ्या दुकानात शिवांगीची आई सुटणार आहे का? 

२४ जानेवारी

काकू गेल्या. गाडीत चढताना लवंगांची पुडी माझ्या मुठीत कोंबली आणि बजावलं, कोपऱ्यात असताना उत्तर देऊ नकोस. कशाचंच.

काकांचं आणि माझं ठरलंय. दिवाकररावांचा तो टीव्ही अजून माळ्यावर उघडाच पडून आहे. भंगारवाल्याला द्यायला काकू तयार नव्हत्या, अर्धवट काम दुकानाबाहेर जात नाही म्हणून. तो पुरा करायचा. चालू करायचा. ते काम संपलं की तो शब्दही संपेल. बंद ट्यूबमध्येही चार्ज साठून राहतो, तो स्क्रू ड्रायव्हरने उतरवावा लागतो. काकांनी शिकवलंय, एकदा उतरवून भागत नाही. काच तो पुन्हा गोळा करते, थांबून पुन्हा उतरवावा लागतो. मग या शब्दाचाही उतरवू. एकदा, दोनदा, लागेल तितक्यांदा.

२७ जानेवारी

कोपऱ्यात बसणं सोपं आहे. कंटाळवाणं आहे. भिंत गार लागते, एवढंच. लवंगेने जीभ बधिर झाली आहे. पोस्टमनने दारातून विचारलं, काकाजी हैं? मी मान हलवली. तोंड उघडलं नाही. उघडावंसं मात्र फार वाटत होतं. खरूज खाजवावीशी वाटते तसं.

२९ जानेवारी

घरी.

बादलीत पाणी तापवायचा रॉड लावला होता. मी कणीक मळत होते. जयदीपने न्हाणीघरातून विचारलं, रॉडची पिन काढलीस का. माझे हात पिठात होते. पिन लागलेली होती, मला समोर दिसत होती. आणि मी म्हटलं —

मी नाही म्हटलं. पण माझ्याच तोंडातून आलं. लगबगीने, गोड.

बादलीत हात घालताच तो फेकला गेला. दारावर आपटला. मी चप्पल घातली, पिन उपटली. वाचला. बोटं काळीनिळी झालीत, कपाळाला खोक. माझ्याकडे असा बघत होता — मला जन्मात विसरता येणार नाही ते बघणं.

कोपरा माझ्याबरोबर घरी आलाय.

३० जानेवारी

जयदीप म्हणतो कराडला जाऊ. आजच. त्याला सांगितलं की हे कराडलाही येईल. मग तिथे आई विचारेल, गॅस बंद केलास का. आणि मी काय म्हणेन?

नाही. जिथे सुरू झालं तिथेच संपवायचं. माझ्या नवऱ्याला हात लावलाय तू. आता तू आहेस आणि मी आहे.

घरात तोंडाला रुमाल बांधून वावरते. जयदीपशी पाटीवर लिहून बोलते. त्याने आज त्यावर लिहिलं, तू फार हट्टी आहेस. मी लिहिलं, लग्नाआधी सांगितलं होतं.

३१ जानेवारी

शिवांगीला मुलगी झाली! दोघी सुखरूप. काकूंनी काकांना फोनवर बाळाचं रडणं ऐकवलं. काका लहान मुलासारखे रडले. काकूंनी माझी चौकशी केली. काकांनी सांगितलं ठीक आहे. मी रुमालाआड हसले.

बस. यासाठीच होतं. बाकीचं बघून घेते.

२ फेब्रुवारी, दुपार

दुकानात. आज टीव्ही पुरा होईल. सोल्डरचा शेवटचा एक टाका राहिलाय, मागच्या बाजूला, वायर आत येते तिथे. दिवाकररावांचाच राहिलेला.

मी कोपऱ्यात. तोंडात लवंगा, वर रुमाल. डायरी मांडीवर. काही सांगायचं झालं तर लिहून दाखवीन, असं काकांशी ठरलंय. सकाळी लाल पट्टी नवी लावली, माझ्या हाताने. कोपऱ्यात कोरडी काठी ठेवली आहे. करंट लागलेल्या माणसाला हाताने धरायचं नाही, काठीने ढकलायचं.

काकांनी ट्यूबचा चार्ज उतरवला. थांबले. पुन्हा उतरवला. मी लाल पट्टीची पिन उपटली. टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी मान हलवली. डावा हात खिशात.

परत येऊन बसले.

बोर्डात अजून एक पिन आहे. गनची. असू दे. गन तर लागणारच —

गन गरम नाही. तिचा दिवा बंद आहे.

लाल पट्टीची वायर टेबलाखालून — डोळ्यांनी माग काढतेय — टेबलाखालून वर — गनकडे जाते. गनकडे. मी स्वतः लावली होती टीव्हीच्या वायरीला — सकाळी — माझ्या हाताने —

म्हणजे बोर्डातली पिन टीव्हीची. उपटते. हात बोर्डाकडे जात नाही. मेनकडेही नाही. फक्त पेन चालतंय.

रुमालातून ओरडले. आलं तेच. काढली. काका हसले, मान हलवली. ट्यूब फुटली तर म्हणून त्यांनी डोळ्यांवर जाड चष्मा चढवलाय —

काका, हात घालू नका. पिन काढली.

नाही. पिन काढली आहे.

हे मी नाही लिहिलं. काका पिन लागलेली काढली. काढली. काढ

बरं. तोंड घेतलंस. हात घेतलास. घे.

पाय माझे आहेत. काठी काखेत धरली आहे. कमळाकाकूंना पुन्हा इथे बसू देणार नाही, तुला काय करायचं ते कर, काकांना ढकलायला मी उठले, मी निघा