पेटीतला निळा ड्रेस

काल्हेर, भिवंडी
रविवार, दुपार

आदरणीय बकुळाताईस,
धाकट्या विनिताचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? (खरं लिही. ‘बरे आहेत’ हे तू गेली नऊ वर्षं सांगतेस आणि जिना मात्र एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढतेस.) दाजींचा खोकला, तुझ्या ओमकारचा टेम्पो, दारातला शेवगा, सगळं ठीक असेल. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू आधी ‘जेवलीस का’ विचारतेस, मग ‘काय जेवलीस’ यावर आपलं भांडण होतं आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र. ओमकार तुमच्या अंबाडी गावाला परत जाताना घेऊन जाईल.

तर ताई, मी नवा व्यायाम सुरू केला आहे. आता तू म्हणशील, चोवीस किलो उतरवून सहा वर्षं झाली, अजून काय उरलंय? मीही डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, शेहेचाळिसाव्या वर्षी नुसतं चालून भागत नाही, हाडांसाठी थोडं वजन उचलायला हवं. आयुष्यभर उतरव म्हणाले, आता उचल म्हणतात. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मितेश नावाचा मुलगा सकाळी वर्ग घेतो. ‘बारा आठवड्यांत नव्या तुम्ही’ असा त्याचा बोर्ड आहे. वय चोवीस. (म्हणजे माझं जेवढं वजन उतरलं तेवढ्या वर्षांचा.) मला तो ‘आंटी’ म्हणतो आणि वर ‘आंटी, और नीचे, और नीचे’ म्हणतो. एवढ्या खाली मी अलीकडे फक्त पलंगाखालचा पापडाचा डबा काढायला गेले आहे.

पहिल्या शनिवारी त्याने साठ उठाबशा काढायला लावल्या. रविवारी विहारात वंदना होती आणि माझा आवाज खणखणीत म्हणून बायकांच्या पुढे मीच बसते, हे तुला माहीत आहे. मी वाकले की बाकीच्या वाकतात, मी उठले की उठतात. पंचांग प्रणामाला वाकले आणि ताई, उठताच येईना. मांड्या दगड झालेल्या. कपाळ जमिनीला, मागे तीस बायका तशाच वाकलेल्या, सगळं विहार शांत. मला वाटलं, आता कोणी तरी हात देईल. पण मी उठल्याशिवाय उठायचं कसं, म्हणून कोणी मान वर करेना. शेवटी लोटांगण घातल्यासारखी कुशीवर वळले आणि खांबाला धरून उभी राहिले. धोंडूबाई डोळे पुसत जवळ आल्या. म्हणाल्या, ‘विनिताबाय, आज लय शांत वाटला गो. दर आयतवारी असाच करू.’ तेव्हापासून दर रविवारी सगळ्या तेवढा वेळ वाकून राहतात. खरं कारण सांगायची माझी हिंमत नाही.

इथपर्यंत हसलीस ना? आता पुढचं. तुला ठाऊक आहे, दर सोमवारी गोडाऊनवर गाड्या लागायच्या आधी मी पार्सलांच्या काट्यावर उभी राहते आणि काट्यावरचे आमचे शेलार गावचे राघोकाका कपड्याच्या गठ्ठ्याचं सांगतात तसं ओरडतात, ‘नग एक, एकसष्ट!’ सहा वर्षं हेच. (मधले तीन सोमवार काटाच दुरुस्तीला गेला होता, तेवढे सोडून.) गेल्या सोमवारी उभी राहिले तर काका ओरडलेच नाहीत. हळूच म्हणाले, ‘साडेतिरेसठ.’ मितेश म्हणतो, आंटी, मसल है, काट्याकडे बघूच नका. मी मान हलवली आणि घरी येऊन सगळे ब्लाउज घालून पाहिले.

ताई, वजन उतरवलं तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, ऑफिसात टाळ्या वाजल्या. न चढू दिलेल्या वजनाला कोण टाळ्या वाजवतं? ते चोवीस किलो कुठे गेलेले नाहीत, दाराबाहेर पायरीवर बसून आहेत, असंच मला सहा वर्षं वाटत आलं आहे. भात दुसऱ्यांदा घेताना मी दाराकडे बघते. आणि माझे जुने कपडे तुला दिले, तेव्हा तू ते वाटले नाहीस की फाडले नाहीस. पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेवलेस आणि म्हणालीस, ‘असू देत, लागतील.’ तू मायेनेच म्हणालीस. पण त्या एका शब्दाने मला रोज पाच हजार पावलं चालवलं आहे.

असो. दाजींना जयभीम. तू शेवग्याचा पाला पाठवणार असशील तर पाठव, मात्र त्याखाली लपवून लाडू पाठवू नकोस.

जयभीम.
तुझी लाडकी (आणि अजून तरी मावणारी),
विनिता

ता. क. : पेटीतला तो निळा पंजाबी ड्रेस ओमकारबरोबर पाठवून दे. खरं तर त्यासाठीच एवढं लिहिलं. सहज आपला. काही बोलू नकोस.

दुसरा ता. क., मंगळवार : ओमकार आलाच नाही, टेम्पो कुठे तरी पंक्चर झाला म्हणे. बरं झालं. काल काट्यावर पुन्हा साडेत्रेसष्टच. मी रडकुंडीला आलेली पाहून राघोकाकांनी कबूल केलं : काटा पहिल्यापासून अडीच किलो कमी दाखवायचा, तो आता दुरुस्त होऊन आलाय. ‘पार्सलांना अडीच मिलवून लिवायचो बाय. तुमाला न्हाय मिलवला. तुमी हासत उतरायच्या ना!’ म्हणजे ताई, मी एकसष्टची कधी नव्हतेच. पण तेव्हाची पंच्याऐंशीही त्याच काट्यावरची, म्हणून उतरलेले चोवीस मात्र खरे. आणि ड्रेस तू मायेने ठेवलास, अडीच किलो काकांनी मायेने लपवले. एवढ्या मायेत माणूस बारीक राहिला कसा, हेच नवल.

ड्रेस पाठवू नकोस. त्याची गोधडी शिव. कात्री तूच लाव, मला धीर होणार नाही. आणि गोधडी द्यायला तू स्वतः ये. आमचा जिना तीन मजल्यांचा आहे, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकव, मी शेजारी थांबत थांबत चढेन.