आत्याच्या चिन्नोरची वरची मूठ

गोंदिया,
वैशाखातला रविवार

तीर्थस्वरूप शामकला आत्याबाईंच्या पायांवर हिमांशूचं डोकं, आणि हे पत्र संपेपर्यंत ते तिथून उचलायचा माझा विचार नाही. तुझे गुडघे कसे आहेत? लाल गाय व्याली का? मी इकडे खुशाल आहे. (खुशाल म्हणजे एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि खोलीवर पत्रे असल्यामुळे दुपारी भाजून निघतो आहे.) फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर तू फोन स्पीकरवर ठेवून अंगणात बोलतेस, आणि अर्ध्या सौंदडला माझी परीक्षा, माझं पोट आणि माझं लग्न फुकटात ऐकू येतं. शिवाय पत्राला मधेच झापता येत नाही.

परवा तू विचारलंस, "चिन्नोर खाऊन राहिला ना पोटभर? खात असशील त यंदाही लावू, नाही त त्या बांधीत जाडा धान टाकू." मी म्हणालो, हो आत्या, रोज खातो. आत्या, ते खोटं होतं. दोन वर्षांत तुझ्या वासाच्या चिन्नोर तांदळाचा एक घास माझ्या पोटात गेला नव्हता. आता पाटा-वरवंटा जे हाताला लागेल ते खाली ठेव आणि पुढचं वाच.

त्याचं असं झालं. पहिल्या वर्षी तुझं पोतं घेऊन मी पॅसेंजरने आलो, पोत्यावरच बसून. पहिल्याच दिवशी भात टाकला तर वास जिन्यावरून खाली गेला आणि खालून घरमालकीण मंदाबाई वर आल्या. "बेटा, ये कौन सा चावल है?" त्या महिन्यात शिष्यवृत्ती आली नव्हती, भाडं थकलं होतं. त्या म्हणाल्या, भाड्याचे पैसे राहू दे, हाच दे, आणि शिजलेला भातही पातेल्यासकट खाली घेऊन गेल्या. आता मला यात काही वावगं वाटेना. आपल्याकडे न्हाव्याला, लोहाराला धानच तर जायचं. तुझ्या पडवीत बसून पायलीने मोजून देणारा मीच. आणि मापावर एक मूठ वरून टाकायची, नाही तर माप कोरडं राहतं, हेही तूच शिकवलंस. तेव्हा मी मंदाबाईंना वरची मूठ टाकली. मग नोट्सच्या झेरॉक्ससाठी दुकानवाल्या धर्मेंद्रला पायलीभर दिला, त्यालाही वरची मूठ. खानावळवालीला दिला, तिला दोन मुठी, कारण ती पोळी मोठी देते. उरला तो वाण्याकडे देऊन दुप्पट जाडा आणला आणि तो खाल्ला. (वाण्यालासुद्धा मूठ टाकली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्या ग्रहावरून आलो आहे.) आत्या, माझ्या हिशोबाने पोतं मेपर्यंत पुरायला हवं होतं. ते संक्रांतीलाच संपलं, आणि यंदाचंही तसंच. वरच्या मुठींनी मला खाल्लं.

आणि गंमत ही की मी शिकतो अर्थशास्त्र. सर फळ्यावर सांगत होते की वस्तुविनिमय कधीचाच इतिहासजमा झाला, मी मान डोलावत होतो, आणि माझ्या पिशवीत धर्मेंद्रची पायली होती.

हे असंच पार पडलं असतं. पण काल मंदाबाईंच्या मुलीला, टीनाला, पाहायला पाहुणे आले. भाडेकरू म्हणजे घरचाच मुलगा, म्हणून वरणाची बादली माझ्या हातात आली. पाहुण्यांत मध्यस्थ म्हणून कोण असावं? आपले बिसरामकाका, ज्यांच्या आणि तुझ्या धानाच्या बांधीत मधे एकच मातीचा धुरा आहे. त्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि चावायचे थांबले. डोळे मिटले. मग उघडले आणि पंगतीत सरळ माझ्याकडे पाहिलं. "काऊन रे हिमांशू, हा त शामकलाबाईचा चिन्नोर होय. विकून राहिला का तू?" बिरसीच्या विमानतळावरचं एक शिकाऊ विमान तेवढ्यात डोक्यावरून गेलं, पण काकांचा आवाज त्याच्याही वर होता. पाहुण्यांनी मात्र भात तीनदा मागून घेतला आणि टीना पसंत पडली. पोरीच्या हाताला चव आहे म्हणाले.

शेवटच्या पंगतीत मी बसलो. पातेल्याच्या तळाचा भात माझ्या ताटात आला. आत्या, एक घास घेतला आणि मला तापातली ती पेज आठवली. मी सात वर्षांचा, काहीच खात नव्हतो, आणि तू वाटी घेऊन धुऱ्याधुऱ्याने माझ्यामागे फिरत होतीस. तुझ्या चुलीचा धूर, दारातली ओली चिखलाची पावलं, सगळं त्या घासात होतं. मी रडलो. मंदाबाईंना वाटलं लोणचं तिखट लागलं, त्यांनी गूळ दिला. मी तो खाल्ला, काय करणार. पैसे वाचवता वाचवता मी नेमकं तेच देऊन बसलो होतो, जे तू माझ्यासाठी लावत होतीस.

रागाव, पण बोलणं टाकू नको.

तुझा,
हिमांशू

ता. क. हे पत्र बिसरामकाकांच्याच हाती पाठवतो आहे. त्यांचा चष्मा इथेच माझ्या खोलीवर राहिला आहे. (राहिला म्हणजे मी ठेवून घेतला आहे. पुढच्या आठवड्यात आणून देतो.) त्यांच्याआधी तू वाच.

ता. क. दुसरं. चिन्नोर बंद करू नको. रोवणीला मी स्वतः येतो, तुझे गुडघे धुऱ्यावर बसवून ठेव. आता खरं कारण सांगतो. टीनाचं लग्न तुळशीनंतर आहे आणि मंदाबाईंना लग्नाला एक पोतं हवं आहे. मी संक्रांतीपासून थकलेल्या चार महिन्यांच्या भाड्यात ते कबूल करून बसलो आहे. परीक्षेपर्यंतचं छप्पर त्यावरच आहे.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. त्यातली एक पायली फडक्यात बांधून तुझ्याच घरी ठेव, वर एक मूठ टाकून. ती कोणाला देऊ नको. मी आलो आणि मीच मागितली तरी हातात देऊ नको. शिजव आणि समोर बसवून वाढ.