शाळेच्या आवारातले उंदीर

कार्तिक व. ३, सोमवार
पेठेच्या कमिटीने काटकसरीचा ठराव केला. उंदरांचा मुकादम हुसेन आणि त्याची माणसं कालपासून बंद. गटारं आता आठवड्यातून एकदाच. कारण काय, तर यंदा प्लेग नाही. हुसेन होता म्हणून प्लेग नाही, हे एकाही सभासदाला सुचलं नाही. पेठेत उलट आनंद. रोज सकाळी दारात येऊन 'उंदीर पडला का?' विचारणारा माणूस कुणाला हवा असतो? उंदीर पडला म्हणजे घर रिकामं करा, कौलं उतरवा, माळावर झोपडीत जाऊन राहा.
हुसेन निरोप घ्यायला आला. दारातूनच म्हणाला, "बाईसाहेब, त्यो ठराव उंदरांस्नी बी वाचून दाखवा म्हणावं."
मुलींच्या शाळेची ग्रँट वाचली. 'यंदापुरती', असं अध्यक्ष रावसाहेब मला मुद्दाम बोलावून सांगते झाले.

व. ६, गुरुवार
आवारात भिंतीलगत मेलेला उंदीर. मी शाळेच्या माडीवर राहते, सकाळी खाली उतरणारी पहिली मीच, म्हणून मुलींच्या आधी दिसला. घासलेट, काडी, राख. मग वर्ग, अडगळ, सगळं पाहिलं. बीळ नाही, लेंडी नाही. इथे उंदीर येईल कशाला? पाट्या खायला?

व. ७, शुक्रवार
आणखी दोन. एकाच्या शेपटीला सुतळी. म्हणजे हातात धरून आणलेला.
शाळा कुणाच्या मालकीची नाही. तिथे टाकलं की कुणाचंच घर रिकामं करावं लागत नाही.

व. ९, रविवार
तांबडं फुटायच्या सुमारास खिडकीशी बसले. पहिली आली तानू, तालमीमागच्या बोळातली, चंद्रीची आई. सुपावर पदर. भिंतीवरून टाकलं आणि हात जोडले. उंदराला की शाळेला, तिलाच ठाऊक. तिच्या मागून आणखी. सगळ्या ओळखल्या. सगळ्यांच्या मुली माझ्या वर्गात आहेत.
दुपारी तानूला गाठलं. "देवाशपथ न्हाई बाई. आमच्यात मांजर हाय की!"

व. ११, मंगळवार
रा. सा. यांच्या बैठकीत गेले. हुसेनला परत घ्या म्हटलं.
"बाई, तक्रार कुणाची हाय? एक तरी घर पुढं आलंय?"
"पुढं येत नाहीत म्हणूनच मुकादम ठेवला होता."
"मग उंदीर हायत तरी कुठं?"
"शाळेच्या आवारात."
बोलून गेले. सुपारी कातरता कातरता त्यांचा हात थांबला. "शाळेत?" असं दोनदा विचारलं. बाहेरून आणून टाकतात, म्हटलं. "कोण टाकतंय?"
जाहीर सभा मागितली. काटकसर कुणाच्या जिवावर चालली आहे ते लोकांसमोर सांगा, लोकांना विचारू द्या. लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच हो म्हणणाऱ्याचा मला कधीच भरवसा वाटला नाही.

व. १३, गुरुवार
माझ्या हाताखालच्या कृष्णाबाई म्हणतात, नावं सांगून मोकळ्या व्हा. त्यांना सांगणं सोपं आहे. या बायकांनी मुली शाळेत घातल्या तेव्हा सासऱ्यांच्या, दिरांच्या शिव्या खाल्ल्या, मी ऐकल्या आहेत. नावं घेतली तर एकही मुलगी पुन्हा पायरी चढणार नाही. नाही घेतली तर
चंद्री आज आली नाही.

अमावास्या, शनिवार
सभा झाली. देवळापुढे माणूस मावत नव्हतं. बायका कडेच्या ओट्यावर. मी उभी राहून विचारलं: मुकादम काढला तो कुणाला विचारून? उद्या साथ आली तर जबाब कोण देणार? मागून कुणीतरी ओरडलं, "बोला की रावसाहेब, आता का गप?" घटकाभर वाटलं, जमलं.
मग रा. सा. उठले. शांतपणे म्हणाले, "ज्याच्या घरात उंदीर पडलाय त्यानं हात वर करावा. हुसेनला आत्ता, हितंच कामावर घेतो."
एकही हात नाही. मी ओट्याकडे पाहिलं. सगळ्या पदराआड.
"म्हंजे उंदीर फक्त बाईंच्या शाळंत. शिकाय येत असतील!"
हशा. त्याच हशात ठराव: शाळा रोगट जागा, पुढील हुकुमापर्यंत बंद, ग्रँट कमिटीकडे जमा. टाळ्या. तानूनेही वाजवल्या, मान खाली घालून.

मार्गशीर्ष शु. १, रविवार
कमिटीच्या शिपायाने वर्गांना कुलूप घातलं. माडीचा जिना बाहेरून आहे, म्हणून मी अजून इथे.
आज भिंतीवरून जास्त पडले. आता मुली नाहीत, तेव्हा लाजही नाही.
तानूकडे गेले. चंद्री आतल्या अंगाला दोन वाकळांखाली. "ऊन लागलंय तिला," म्हणे. मार्गशीर्षात ऊन! पोर पाय आखडून निजलेली, जांघेजवळ हात नेऊ देईना. मागच्या साथीत जांघेत गाठ आलेली पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत.
"दरबारच्या डॉक्टरांकडे चल. आत्ता."
"मालक गारगोटीच्या बाजाराला गेल्यात. आलं की बघू."
"तोवर पोर वाट पाहील का?"
दार लावून घेतलं.

शु. २, सोमवार
पहाटे तानू जिन्यात. चंद्री खांद्यावर, मान टाकलेली.
"चला बाई. पर सांगायचं ते माझंच घर सांगा. शेजारणींचं नाव न्हाई घ्यायचं. माळावर आड एकच हाय. त्या मला पाणी भरू द्यायच्या न्हाईत."
खरं आहे तिचं. पण एकच घर सांगितलं तर रा. सा. तेवढंच रिकामं करतील आणि हात झाडतील. हुसेन नाही, गटारं तशीच, आणि बाकीच्या घरांतही मुली निजतात.
वाटभर ती तेच विनवत होती. कबूल केलं नाही, नाकारलंही नाही.
डॉक्टरांनी आधी पोर पाहिली. बराच वेळ हात धूत राहिले. मग विचारलं, "आणखी कुठं उंदीर पडले?"
तानू माझ्याकडे पाहत होती.
मी म्हटलं, "लिहून घ्या." तालमीमागच्या बोळापासून रांगेने सगळी घरं सांगितली.
चंद्रीला ठेवून घेतलं आहे. वाचेल का, विचारलं तर 'उशीर केलात' एवढंच. तानू तिच्याजवळ. मी निघाले तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसली होती.

उद्या सकाळी कौलं उतरवायला माणसं येणार. पेठेत अजून कुणाला माहीत नाही. खाली पेठेच्या आडावर बायका पाणी भरताहेत, हसणं वर ऐकू येतं. कुणीतरी हाक मारून विचारलं, "ओ बाई, शाळा कवा उघडायची?"
खिडकीशी गेले नाही.