चंद्रीचा सुजलेला दंड

७ ऑगस्ट १९५६
मनोरीहून तरीने चंद्रीला आमच्या इस्पितळात आणलं. कोळ्यांची पोर, सहा वर्षांची. तोंड सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी. लघवी थोडी नि लालसर. मूत्रपिंडाला सूज, उघड आहे. मुलांच्या अरुंद पट्ट्याने बी.पी. घेतलं. पारा भलताच वर! झटके येतील या धास्तीने मी इंजेक्शन भरायला घेतलं. तेवढ्यात आमच्या मोठ्या डॉक्टर, करंदीकरबाई, आल्या.
"थांब गं." चंद्रीच्या दंडात अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. "तू वय बघून पट्टा निवडलास. दंड बघ ना केवढा झालाय! जाड दंडावर अरुंद पट्टा पारा उगाच चढवतो."
रुंद पट्टा बांधला. ठोके मला ऐकूच येईनात. ठोके स्पष्ट यावेत म्हणून बाईंनी तिचा हात थोडा वेळ वर धरून ठेवला, मग नाडीवर बोट ठेवून पुन्हा मोजलं. डोळे मिटून ऐकत होत्या. पारा बराच खाली. इंजेक्शन नाही.
मी भीत भीत, "रुंद पट्टा कमी दाखवत असला तर?"
"असेल की. म्हणून आता हिच्याजवळून हलायचं नाही."

८ ऑगस्ट
तोच पट्टा, तोच दंड, निजवूनच. रडत असली तर मोजायचं नाही, बाईंची सक्त ताकीद. आळणी पेज बघून पोरीने भोकाड पसरलेलं. बाई खाटेवर बसून तिला माशांची नावं विचारत राहिल्या. बोंबील, मांदेली, मुडदुशी... गप्प झाली, मग पट्टा.

९ ऑगस्ट
दुपारी डोकं दुखतंय म्हणाली, ओकली. बाई जेवण टाकून आल्या. पारा कालपेक्षा चढलेला, दोनदा बघितला. बॅटरीने डोळे तपासले. "आता दे."
परवा मला अडवणाऱ्या त्याच बाई! आवाजसुद्धा चढला नाही. मी इंजेक्शन दिलं. संध्याकाळी पारा उतरला, पोर झोपली. चंद्रीची आई पाया पडायला गेली तर बाई वैतागल्या, "अगं, पोरीकडे बघ आधी."

१४ ऑगस्ट
लघवी सुटली! सूज ओसरतेय. रुंद पट्टा आता दंडाला ढगळ होतो, म्हणून परत अरुंद. दोन्ही लावून पाहिले, मेळ बसत नाही. बाईंना विचारलं, मग पहिल्या दिवशी खरं बी.पी. किती होतं?
"मला नाही सांगता येत," म्हणाल्या. सरळ. एवढ्या अनुभवी बाई. मी असते तर काहीतरी ठोकून दिलं असतं. हे मला कधी जमेल...

१७ ऑगस्ट
चंद्रीला चेहरा आला. खळी पडते हे आजच कळलं. पण लघवी उकळली की अजून गढूळ होते, म्हणजे प्रथिन जातंच आहे, नि बी.पी. एक दिवस बरं, एक दिवस नाही. आई अडून बसलीय, "नारली पुनवेला माजी पोर घरा नेऊ ना, बाय?"
बाईंनी पट्टा बांधला. नळ्या कानात घातल्या, पारा चढवला, हळूहळू सोडत गेल्या. आई त्यांच्या तोंडाकडे बघतेय, मीही. नेऊ देणार की नाही, त्यावरून काही कळेना.