तक्त्यातला पंखा

मंगळवार, १४ डिसेंबर २००४
वारंगा फाटा

डोकं सटकलंय नुसतं. स्वतःवरच.

आमच्या तेलगिरणीचा बॉयलर धोक्यात आला, की काय काय आपोआप बंद पडायला हवं त्याचा तक्ता मी भरला. तक्त्यावरून बॉयलरच्या कंट्रोलचं सगळं लॉजिक आपोआप लिहून काढणारा प्रोग्रामही माझाच. तीन आठवड्यांचं काम अकरा मिनिटांत. आता माणसाची चूक होणारच नाही, असं मॅनेजरसमोर बोलूनही बसलो.

आज थंड बॉयलरवर चाचणी घेतली. आतलं पाणी कमी झालंय असं खोटंच दाखवलं, सगळं बराबर बंद पडलं. बॉयलर चालवणारे थावरूमामा शेजारीच उभे होते. तांड्यावरचे, डावी भुवई अर्धी जळालेले. म्हणाले, "साहेब, धूर ओढायचा पंखा काहून बंद केला? आतमधी भुसा जळतच राहतो. जाळ दारातून तोंडावर येतो."

प्रोग्राम चुकला नाही. तक्त्यात पंख्यापुढे मीच केलेली 'बंद'ची चुकीची खूण त्यानं इमानदारीनं उतरवली. तक्ता भरताना मामांना विचारायला काय झालं होतं? दहा पावलांवर तर असतात.

आणि ती भुवई. तीन सीझन रोज बघतोय. कशानं जळली, हे आज कळलं, तेही न विचारता.